बंदी येऊन वर्षे झाली, तरी आईच्या दुधात डीडीटी का सापडते?

मागच्या महिन्यात एक आई चार महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आली, सोबत सासूबाई होत्या. बाळ ठणठणीत होते, वजनही छान वाढत होते. आईने मोबाईल पुढे केला. आईच्या दुधात कीटकनाशक सापडल्याची बातमी होती. "डॉक्टर, अंगावरचे बंद करून डब्याचे सुरू करू का?"

तुमच्याही मनात हा प्रश्न असेल तर उत्तर आधीच सांगतो: बंद करू नका. मात्र अशा बातम्या खोट्या नसतात. भारतात अनेक वर्षांपासून आईच्या दुधात, गाईम्हशीच्या दुधात, लोण्यात आणि मासळीत डीडीटीचे अंश सापडत आले आहेत.

डीडीटी, बीएचसी (घरोघरी मुंग्या-ढेकणांसाठी वापरलेली गॅमेक्सिन पावडर), लिंडेन, एंडोसल्फान, आल्ड्रिन ही सगळी ऑर्गॅनोक्लोरीन गटातली कीटकनाशके. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात, आणि त्यांतली बरीचशी लवकर तुटत नाहीत. मातीत पडलेली डीडीटी निम्मी व्हायला 2 ते 15 वर्षे लागू शकतात. गवतातून, वैरणीतून ती गुरांच्या चरबीत जाते, तिथून दुधातुपात आणि तुमच्याआमच्या शरीरात. शरीर तिचे डीडीई नावाचे रूप करते, आणि ते चरबीत वर्षानुवर्षे बसून राहते. पाण्यातल्या किड्यांपासून लहान माशात, मोठ्या माशात, मग मासेखाऊ पक्ष्यात असे ते दर पायरीला साठत जाते. अमेरिकेत गरुडांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन अंडी फुटू लागली ती यामुळेच. 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. (आपल्याकडची गिधाडे मात्र डीडीटीने नव्हे, गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेली. ही गल्लत फार होते.)

म्हणूनच मिठाच्या पाण्यात भाजी बुडवण्याच्या उपायाचा इथे फारसा उपयोग नाही. भाजी जरूर धुवा. वरवर बसलेल्या फवाऱ्याचा काही भाग जातो, जंतूही जातात. पण दुधातुपात मुरलेले रसायन धुऊन निघत नाही, उकळूनही नाही.

आपल्याकडे डीडीटीचा शेतीतला वापर 1989 मध्ये काढून घेतला, बीएचसी 1997 मध्ये बंद झाली. मलेरिया आणि काळा आजार यांच्या डासमाश्यांसाठी घराच्या भिंतींवर डीडीटी फवारणे त्यानंतरही चालू राहिले. सरकारी कंपनीने ती आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत बनवली. स्टॉकहोम करारात या कामासाठी सवलत आहे, आणि ती मला सरसकट चूक वाटत नाही. मलेरियाने दगावलेले मूल हेही वास्तवच आहे. पण साथरोगासाठी आलेला माल शेतात आणि घरच्या कोठीत पोचू नये, यावर लक्ष कोण ठेवते?

एंडोसल्फानची गोष्ट अधिक कडू. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी काजूबागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरने हे औषध मारले गेले. (आपण विषाला 'औषध' म्हणतो, हाही एक प्रश्नच.) गावांतल्या मुलांमधली जन्मजात व्यंगे, मतिमंदत्व आणि फिट्स यांकडे पहिल्यांदा लक्ष वेधणाऱ्यांत तिथला एक साधा खेड्यातला डॉक्टर होता. कोणता आजार नेमका कशाने, यावर वाद अजून संपलेला नाही. तरीही 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फान थांबवले, आणि 2017 मध्ये पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले. बागांवरची फवारणी तर 2000 सालीच थांबली होती. मधली वर्षे त्या घरांनी कशी काढली असतील?

आता क्लोरपायरिफॉसकडे पाहा. हे ऑर्गॅनोक्लोरीन नाही, ऑर्गॅनोफॉस्फेट आहे. तरीही 2025 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला, काही सवलतींसह. वाढत्या मेंदूवर होणारा परिणाम ही त्यातली मुख्य चिंता. आपल्याकडे वाळवीसाठी हेच सर्रास मारतात. घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला रसायनाचे नाव विचारा आणि ते काम पुढे ढकला.

धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंस्था आयएआरसी लिंडेनला माणसात कर्करोग करणारे मानते, डीडीटीला बहुधा करणारे. याचा अर्थ तूप खाल्ले की कॅन्सर, असा नाही. ते वर्गीकरण पुरावा किती भक्कम हे सांगते, तुमच्या ताटातला धोका मोजत नाही. थोड्या प्रमाणातल्या अंशांनी उद्या काही होणार नाही. प्रश्न आहे तो दीर्घकाळाचा, आणि गर्भाचा.

लिंडेनबद्दल मलाही एक कबुली द्यायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला खरजेसाठी आणि उवांसाठी मी त्याचे लोशन लिहीत असे, सगळेच लिहायचे. लहान मुलांत जास्त लावले गेले तर झटके येऊ शकतात. आता मी पर्मेथ्रिन लिहितो. घरात जुनी बाटली असेल तर मुलांना लावू नका.

त्या आईला मी सांगितले की हे अंश तिच्या दुधात आज आले नाहीत, तिच्या लहानपणापासून चरबीत साठले आहेत. दूध बंद केले तर बाळाचे जंतुसंसर्गापासूनचे संरक्षण जाईल, आणि डब्याची पावडरही शेवटी गाईच्याच दुधाची असते. अंगावर पाजत असताना झपाट्याने वजन उतरवणारे डाएट मात्र करू नका, चरबी वितळली की साठलेले रसायन रक्तात उतरते. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकापासून आईच्या दुधाचे नमुने तपासले जात आहेत, आणि बंदीनंतर त्यातले डीडीटी वर्षागणिक खूप घटले आहे. आपल्याकडे इतकी सलग मोजणी सहज पाहायला मिळत नाही, आणि बातमी वाचून घाबरण्यापेक्षा आपण मागायला हवी ती हीच.

आई शांत झाली. निघताना सासूबाई थांबल्या. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात सासऱ्यांच्या काळची पांढरी पावडर आहे, ती फेकू कुठे? जाळू नका, मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका, डबा न उघडता दोन पिशव्यांत बांधून मुलांपासून लांब ठेवा, असे मी सांगितले. घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करण्याची तरतूद नियमांत आहे. आमच्या गावात घंटागाडी येते, पण तो कचरा वेगळा घेत नाही. मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिले आहे. डबा अजून माळ्यावरच आहे.