उसातली बेटं

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या काठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेचं वय ठरवायला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं झटले. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, असं आता बहुतेक जण मानतात. त्याच काठावर आज राहणाऱ्या माणसांच्या वयाची चौकशी मात्र फारशी होत नाही.

म्हाताऱ्यांचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोकण येतं. ते खरंही आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, सिंधुदुर्गही घटला. जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात मात्र ओस पडलेली घरं सहसा दिसत नाहीत. धरणांचं पाणी आहे, ऊस आहे, नारायणगावला टोमॅटोचा बाजार आहे. म्हणूनच इथलं म्हातारपण झाकून राहतं. पोरं चाकण-भोसरीला कामाला, नातवंडं तिकडच्याच शाळेत. आणि मुंबईत जन्मभर डबे पोचवलेली, माथाडी म्हणून ओझी वाहिलेली माणसं गुडघे गेल्यावर इकडेच परततात.

त्यातली कितीतरी गावठाणात नाही, मळ्यात राहतात. चहूबाजूंनी उभा ऊस, मधे घर, घरात दोघं, कधी एकटी आजी. याला बेट नाही तर काय म्हणायचं? रस्ता आहे, पण अंधार पडला की बिबट्याच्या भीतीने तो बंदच. विजेची पाळी रात्रीची आली की सत्तरीतल्या माणसाला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला उसातून जावं लागतं. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये काढायला बँक गाठावी, तर खुरपं धरून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही. एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत केला, फार चांगलं झालं. पण मळ्यातून फाट्यापर्यंत यायचं कसं?

२०२७च्या जनगणनेत माणसं मोजली जातील. गावाने तोवर थांबू नये. ज्या मळ्यांत फक्त वृद्धच राहतात त्यांची यादी ग्रामपंचायतीने आशाताईंच्या मदतीने करावी आणि येत्या ग्रामसभेपुढे ठेवावी. त्या मळ्यांतल्या पंपांना आधी दिवसाची वीज मागावी. बँकेचा माणूस महिन्यातून एकदा दारात यावा, रक्तदाबाची गोळी घरपोच मिळावी. आणि आजी रात्री पडली तर फोन कुणाला करायचा, ते नाव यादीत प्रत्येक घरापुढे लिहिलेलं असावं.