मासोळीच्या अंगावरचे खड्डे

पिंपलवर फाउंडेशनचा जाड थर चढवला म्हणून पिंपल जात नाही, उलट जास्तच उठून दिसतो. हा विषय शेजारच्या पानावरच्या ब्यूटीवाल्यांचा, मान्य. पण या जुलैत चार दिवस वाशीमला काढले आणि हाच फंडा मला चक्क लाकडी मासोळ्यांच्या बाबतीत ऐकायला मिळाला.

माझा मामेभाऊ तिथे ल्यूर बनवतो. ल्यूर म्हणजे गळाला लावायची खोटी मासोळी. सावंतवाडीची लाकडी फळं ज्याची होतात त्याच पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्यायचं, तासायचं, पोटात शिशाचं वजन भरायचं, खवले रंगवायचे, डोळे चिकटवायचे आणि वर इपॉक्सीचा काचेसारखा थर. पाण्यातून ओढली की ती अशी काही वळवळते, की मरळ चिडून झडप घालते. पावसाळ्यात मात्र हा पठ्ठ्या गळ टाकत नाही. मरळीची वीण तेव्हाच असते आणि नर-मादी पिल्लांची राखण करत असतात. त्यामुळे एकबुर्जी धरणाकडे फिरायला जायचं आणि घरी बसून ल्यूर करायचे, असा त्याचा सीझन. गंमत बघा, इपॉक्सीला सगळ्यात जास्त वैर दमट हवेशी, आणि काम नेमकं जुलैत!

यंदा त्याला पहिली रोख ऑर्डर होती. पुण्याच्या एका हौशी गळवाल्याची, वीस नग, दहा दिवसांत. त्यातल्या आठ मासोळ्या देवीचे व्रण असावेत तशा खड्ड्याखड्ड्यांच्या निघाल्या. एका नगाला चार संध्याकाळी लागतात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. आणि हा नुसता लुकचा प्रश्न नाही. टाचणीएवढं भोक राहिलं तरी पाणी लाकडात शिरतं, लाकूड फुगतं, थर तडकतो. मासोळी एकीकडे कलली की तिचं वळवळणं संपलं.

माझा सल्ला तयार होता : वरून अजून एक कोट मार ना. आपल्या ऑफिसात हेच चालतं की. तो हसला. "दादा, काहून घाई करून राह्यला? खड्डा काहून पडला थे त पाह्य आधी."

दोषी सापडला ओसरीतच. तिथे त्याचा थोरला भाऊ बाइकला चमक आणणारा स्प्रे मारत होता. त्यात सिलिकॉन असतं. त्याचा हवेतून उडालेला अंश किंवा बोटाचं तेल पृष्ठभागावर बसलं, की ओली राळ तिथून मागे सरकते आणि मध्ये गोल खड्डा राहतो. वरून कितीही कोट द्या, राळ पुन्हा तिथूनच पळणार. मग उपाय एकच. थर पूर्ण वाळू द्यायचा, चारशे नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात बुडवून घासायचा, खड्ड्याची कड सपाट होईपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. खोल खड्ड्यात टूथपिकने राळेचा थेंब सोडायचा, तो वाळला की पुन्हा घासून बरोबरीला आणायचा, आणि मगच सगळ्या अंगाला पातळ कोट.

घासल्यावर मासोळी पांढुरकी, धुरकट दिसते. माझं काळीज लक्‌कन हललं, रंगच गेला असं वाटलं. त्याने ती पाण्यात बुडवली आणि रंग परत हजर! ओलं केल्यावर जो ओरखडा दिसत नाही तो नव्या कोटाखालीही दिसत नाही, ही त्याची टेस्ट. उलट हे बारीक ओरखडे हवेतच. पूर्ण वाळलेल्या गुळगुळीत थरावर नवा थर धरत नाही, त्याला पकड लागते.

दोन मासोळ्यांवर मेणचट साय आली होती. ती दमट हवेची करणी. हार्डनरमधले अमाइन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळतात आणि ही साय बनते. ती आधी कोमट साबणपाण्याने धुवायची आणि मगच घासायची, नाहीतर पेपरने आपण ती नुसती पसरवतो. चिकट राहिलेल्या नगांची गोष्ट वेगळी. तिथे राळ आणि हार्डनरचं प्रमाण किंवा ढवळणं चुकलेलं असतं. वर हार्डनर चोपडून काही होत नाही, खरवडून काढायचं.

हे ऐकताना मी गूगलवर (सवय!) इपॉक्सीचं खानदान शोधलं. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हा रसायनतज्ज्ञ दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होता. त्याचे हक्क सिबा कंपनीने घेतले आणि १९४६ मध्ये ते ॲरल्डाइट नावाने जगापुढे आलं. म्हणजे आपल्या घरातली ती दोन ट्यूबांची जोडी मुळात कवळीची नातेवाईक! फिनलंडच्या लाउरी रापालाकडे १९३६ मध्ये हेही नव्हतं. त्याने जोडे शिवायच्या रापीने बुचाची मासोळी कोरली, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर गेली.

तर आमची ओसरीतली फॅक्टरी. बाइक रस्त्यावर, दारं बंद, पंखा बंद, कारण उडालेला केसही ओल्या कोटात कायमचा अडकतो. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज आणि घासताना मास्क. या बाबतीत मामेभाऊ कडक आहे. ओली इपॉक्सी वारंवार त्वचेला लागली तर ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की बहुधा सोडत नाही. मासोळ्या फिरत्या ठेवायला बिघडलेल्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर, मिनिटाला पाच-सहा फेरे. राळ एका बाजूला ओघळत नाही. जुगाड सही आहे ना? बुडबुडे दिसले की लायटरची ज्योत क्षणभर दुरून फिरवायची. थांबलात तर राळ जळते.

सात नग सुधारले. आठव्याच्या गळ्याखालचा खड्डा लाकडापर्यंत गेला होता आणि पाण्यात घासताना तिथे लाकूड फुगलं. त्याने तो शांतपणे फोडला, शिसं आणि तारा काढून डबीत टाकल्या आणि नव्या पांगाऱ्यावर पेन्सिल फिरवायला घेतली. ऑर्डर दहाव्या दिवशी कुरिअरने निघाली. खोक्यात एक चिठ्ठीही होती : मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, थर मऊ पडतो.