भाड्याची नवी की मालकीची जुनी?

हिरव्या पाटीवर पांढरे आकडे मिरविणारी विजेची मोटार आता पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर नवलाईची राहिलेली नाही. ती शेजारच्या इमारतीत येऊन उभी राहिली आहे आणि मध्यमवर्गीय घरातील रात्रीच्या जेवणानंतरच्या बोलण्यात एक नवाच प्रश्न शिरला आहे. नवी गाडी रोखीने अथवा कर्जाने घेण्याची ऐपत नाही, किंवा ऐपत असूनही धीर होत नाही. मग दरमहा ठरावीक रक्कम भरून नवी गाडी तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, की दुसऱ्याने तीन-चार वर्षे वापरलेली गाडी कमी किंमतीत विकत घ्यावी? प्रश्न घरगुती दिसतो खरा; परंतु त्यात कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक गुंतलेली असते, आणि त्याच्या उत्तराचा काही भाग सरकारच्या हाती आहे. म्हणूनच आम्ही त्याची चर्चा या जागी करीत आहो.

आपल्या समाजाचा स्वाभाविक कल मालकीकडे आहे. भाड्याच्या वस्तूला जीव लावू नये असे आपण मानतो आणि ‘जुने ते सोने’ ही म्हण तर आपल्या तोंडी बसलेली आहे. येथे मात्र केवळ स्वभावावर विसंबून चालणार नाही. पाटी-पेन्सिल घेऊन हिशेबच मांडला पाहिजे.

समजा, भाडेपट्ट्याचा हप्ता दरमहा ३० हजार रुपये आहे आणि त्यात विमा व देखभाल आली. ३६ महिन्यांत १० लाख ८० हजार रुपये जातील व अखेरीस हाती काही उरणार नाही. उलट, जुनी गाडी ९ लाखांस घेतली. विमा व देखभालीसाठी वर्षाला ४० हजार धरले, तर तीन वर्षांचे १ लाख २० हजार झाले. ते ९ लाख ठेवीत राहिले असते तर सरळ सात टक्क्यांनी १ लाख ८९ हजार व्याज मिळाले असते; तेही खर्चातच धरू. तीन वर्षांनी गाडी साडेचार लाखांस विकली, तर एकूण खर्च ७ लाख ५९ हजार होतो. म्हणजे भाड्याच्या गाडीपेक्षा ३ लाख २१ हजार कमी. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावेत. या उदाहरणात जुनी गाडी विकताना १ लाख २९ हजारांपेक्षाही कमी आले, तरच भाडेपट्टा स्वस्त ठरतो.

असे कधी घडेल? बॅटरीने मान टाकली तरच. सव्वातीन लाखांची ही तफावत म्हणजे नवेपणाची व निश्चिंतीची किंमत होय. पेट्रोलची जुनी गाडी घेताना ओळखीचा मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून चार शब्द सांगू शकत असे. विजेच्या गाडीचे सर्वांत महाग अंग तळाशी बंद पेटीत असते आणि ते बोलत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच. बॅटरी वयाने झिजते, उष्णतेने झिजते, पूर्ण भरून दीर्घकाळ उभी ठेवल्याने झिजते आणि सतत जलद चार्जिंग केल्यानेही झिजते. निसानच्या लीफ या गाडीच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची व्यवस्था नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उन्हात तिच्या मालकांना बॅटरीची क्षमता झपाट्याने घटल्याचा अनुभव २०१२ साली आला. आज बहुतेक गाड्यांत ती व्यवस्था असते. तरीही अकोला-नागपूरच्या उन्हाळ्यात वापरलेली गाडी घेणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट नव्या गाड्यांच्या उतरत्या किंमतीची. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार २०१० साली बॅटरीच्या दर किलोवॅट-तास क्षमतेस हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ साली ही किंमत ११५ डॉलरांवर आली. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटांनी नेक्सॉनच्या किंमतीत १ लाख २० हजारांपर्यंत कपात केली, तेव्हा जानेवारीत गाडी घेणाऱ्याचे नुकसान एका दिवसात झाले. नवी वस्तू स्वस्त झाली की जुनीचा भाव आणखी उतरतो. भाडेपट्ट्यात हा धोका कंपनी घेते आणि हप्त्यात त्याचे मोल वसूल करते. जुनी गाडी घेणाऱ्याच्या बाबतीत तो तोटा बव्हंशी पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

आमचा सल्ला स्पष्ट आहे. ज्यांची बदली दोन-तीन वर्षांत संभवते, किंवा ज्यांचा हप्ता नोकरीच्या संस्थेमार्फत सवलतीने जातो, त्यांनी खुशाल भाडेपट्टा घ्यावा. मात्र किलोमीटरची मर्यादा, मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास पडणारा दंड आणि पोचे-ओरखड्यांची भरपाई ही कलमे सहीपूर्वी वाचावीत. ज्यांना गाडी उभी करण्याची स्वतःची जागा आहे, सोसायटीने तेथे वीजजोडणीस संमती दिली आहे आणि रोजचे जाणेयेणे शहरापुरते आहे, त्यांनी हमी शिल्लक असलेली जुनी गाडी घ्यावी. बॅटरीची हमी सामान्यतः ८ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत असते. काही कंपन्यांची ‘आजन्म’ हमी पहिल्या मालकापुरतीच आहे, हे ध्यानात ठेवावे.

येथेच सरकारचे कर्तव्य सुरू होते. नेक्सॉन ही विजेची गाडी २०२० च्या जानेवारीत बाजारात आली. तिच्या पहिल्या गाड्यांची बॅटरीची हमी २०२८ पासून संपू लागेल. बॅटरीची प्रकृती गाडीतील यंत्रणेस ठाऊक असते, कंपनीच्या कार्यशाळेस वाचता येते. ती कळत नाही केवळ पैसे मोजणाऱ्याला. मालकी बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात नमुना २९ व ३० भरावे लागतात. त्यांत मागील कर्जापासून पत्त्यापर्यंत सारे विचारले जाते, पण बॅटरीच्या प्रकृतीचा रकाना नाही. परिणाम असा, की चांगली गाडी आणि खंगलेली गाडी एकाच भावात तोलली जाते. प्रामाणिक विक्रेता बाजारातून मागे सरतो आणि सामान्य ग्राहक भीतीपोटी महागडा हप्ता पत्करतो.

युरोपीय संघाने २०२३ च्या कायद्याने १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाड्यांच्या बॅटरीस माहितीपत्र सक्तीचे केले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या धोरणान्वये अटल सेतू, समृद्धी व मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गांवर टोलमाफी जाहीर केली, हे स्तुत्यच आहे. पण केंद्राने नव्या विजेच्या गाडीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर ठेवला, आणि २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेर येथील परिषदेत व्यापाऱ्याकडील जुन्या गाडीच्या नफ्यावरील कर मात्र १२ वरून १८ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. नव्याचे लाड आणि जुन्याची उपेक्षा, हे धोरण दूरदृष्टीचे नव्हे.

ठरावीक माफक शुल्कात, ठरावीक पद्धतीने तपासून दिलेले बॅटरीचे प्रमाणपत्र मालकी-बदलाच्या कागदांस जोडणे सक्तीचे करावे, एवढीच आमची मागणी आहे. तिला अनुदान लागत नाही की टोलनाके बंद करावे लागत नाहीत. श्रीमंतांच्या दारची मोटार सामान्यांच्या दारी येते ती दुसऱ्या हातानेच. आजवर सायकलपासून स्कूटरपर्यंत हेच घडत आले. तो दुसरा हात अंधारात चाचपडत राहू नये, याची जबाबदारी राज्यकर्त्यांची आहे. तोवर वाचकांनी तपासणीचा लेखी दाखला मागावा आणि तो न देणाऱ्याच्या गाडीकडे पाठ फिरवावी.