सक्ती आकाशातच का?

२ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे प्राणास मुकली. छतामागील वीजतारांत ठिणगी पडून ज्वलनशील आवरण पेटले असावे, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पुढे जगभर विमानांतील तारांच्या तपासणीचे नियम कडक झाले. आदेशित दुरुस्ती मुदतीत न झाल्यास विमान जमिनीवरच राहते. हे योग्यच आहे.

परंतु ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात आग लागून १० अर्भके दगावली. तेथेही बोट विजेच्या दोषाकडेच गेले. विमान थांबवता येते. गरिबांचे रुग्णालय थांबवता येत नाही. म्हणूनच तेथील तपासणी अधिक काटेकोर हवी.

वीज कायदा, २००३ अन्वये विद्युत निरीक्षक नेमलेले आहेत. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयापासून मेहकर, लोणारच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत शेवटची तपासणी केव्हा झाली, कोणते दोष आढळले, दुरुस्तीस किती पैसा मंजूर झाला, हे दर्शनी फलकावर लावण्याची मागणी कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांतून लावून धरली पाहिजे.