फाटकावर पहारा, फलाटावर गुपिते

उतई, भिलाई : भिलाईलगतच्या उतई येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. १० मार्च १९६९ रोजी स्थापन झालेल्या या दलाकडे देशातील विमानतळ, अणुऊर्जा व अवकाश संस्था तसेच पोलाद कारखान्यांच्या सुरक्षेची जबाबदारी आहे. आत-बाहेर जाणारी व्यक्ती, वाहन आणि वस्तू यांची फाटकावर तपासणी करणे हे या सुरक्षेचे मूळ सूत्र. मात्र कार्यालयीन कामाचे स्वरूप बदलल्याने हे सूत्र अपुरे पडू लागले आहे. निविदेतील दर, उत्पादनाचे तक्ते, कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या याद्या आता मोबाइल, लॅपटॉप आणि दूरध्वनीवरील संभाषणातून फाटकाबाहेर पडतात आणि तेथे त्यांच्यावर कोणाचाही पहारा नसतो.

भिलाईसारख्या औद्योगिक शहरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. रेल्वेला रूळ पुरवणाऱ्या या कारखान्याचा ‘आयएनएस विक्रांत’साठी लागलेल्या विशेष पोलादातही वाटा होता. प्रकल्पाशी ठेकेदार, पुरवठादार, वाहतूकदार, लेखापाल अशी मोठी साखळी जोडलेली असते. यांपैकी अनेकांचे काम प्रवासात होते. दुर्गहून नागपूरकडे धावणाऱ्या वंदे भारत एक्सप्रेसच्या आसनांवर लॅपटॉप उघडला, की शेजारच्या प्रवाशाला पडदा सहज वाचता येतो. भ्रमणध्वनीवरील बैठक तर अर्धा डबा ऐकतो.

सार्वजनिक ठिकाणच्या कामाविषयी इशारा देताना भर असतो तो मोफत वायफायवर. देशातील सहा हजारांहून अधिक रेल्वे स्थानकांवर ही सुविधा आहे आणि बनावट नावाच्या जाळ्यात अडकण्याचा धोकाही खरा आहे. तथापि बँका व ई-मेल सेवांची देवाणघेवाण आता बहुतांशी कूटबद्ध स्वरूपात होते. उघड्या पडद्याला आणि मोठ्या आवाजाला असे कोणतेही कवच नाही. गुपित फुटण्यासाठी दरवेळी हॅकर लागत नाही; शेजारी बसलेला माणूस पुरेसा असतो.

ब्रिटनमधील दोन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. लंडनच्या महानगर पोलिसांचे सहायक आयुक्त बॉब क्विक ८ एप्रिल २००९ रोजी पंतप्रधान निवासाकडे जाताना त्यांच्या हातातील गोपनीय कागद छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. दहशतवादविरोधी कारवाईचा तपशील त्यावर स्पष्ट वाचता येत होता. पोलिसांना छापे घाईने, दिवसाढवळ्या घालावे लागले आणि क्विक यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. जून २०२१ मध्ये केंट परगण्यातील एका बसथांब्यामागे संरक्षण मंत्रालयाची सुमारे ५० पाने भिजलेल्या अवस्थेत एका नागरिकाला सापडली. ‘एचएमएस डिफेंडर’ या युद्धनौकेच्या क्रिमियाजवळील प्रवासाबाबतची चर्चा त्यांत होती. दोन्ही वेळी कोणतीही संगणक यंत्रणा भेदली गेली नव्हती.

भारतीय कायदाही अशा निष्काळजीपणाकडे दुर्लक्ष करीत नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमातील कलम ५ नुसार गोपनीय माहितीची वाजवी काळजी न घेणे हादेखील गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने अपघाताने झालेल्या प्रकटीकरणाचाही माहितीभंगाच्या व्याख्येत समावेश केला आहे. वाजवी सुरक्षा उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या अप्रसिद्ध माहितीला सेबीचे २०१५ चे नियम लागू आहेत. भिलाई प्रकल्प ज्या ‘सेल’चा भाग आहे, तीही अशीच कंपनी आहे.

उतईसारख्या गावात सार्वजनिक ठिकाण म्हणजे महानगरातील कॅफे नव्हे. येथे झेरॉक्सचे दुकान आणि शासकीय सेवा देणारे चॉइस सेंटर हीच अनेकांची कार्यालये. मुद्रणासाठी दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल ग्राहक निघून गेल्यावरही तेथेच राहते. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवून घेणे टाळावे आणि घेतल्यास त्याच्या प्रती कायमच्या पुसून टाकाव्यात, असे आधार प्राधिकरण नागरिकांना सांगते. हीच शिस्त निविदा, वेतनपत्रक आणि रुग्णांच्या अहवालांनाही लागू व्हायला हवी.

परंतु सारा भार कर्मचाऱ्याच्या सावधगिरीवर टाकणे योग्य ठरणार नाही. प्रवासातही तातडीने उत्तर मागणारा वरिष्ठच अनेकदा गोपनीय संभाषण फलाटावर आणतो. बाजूने पाहणाऱ्यास न दिसू देणारी पडद्यावरची झिरपट्टी, संस्थेचे स्वतःचे इंटरनेट जोडणीचे साधन, आवश्यक तेवढ्याच फायली सोबत नेण्याची मुभा आणि ‘आता बोलता येणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार, या गोष्टी संस्थेनेच द्यायच्या असतात. त्यांचा खर्च दंडाच्या तुलनेत नगण्य आहे.

सर्वांत कठीण प्रश्न चूक कळवण्याचा आहे. ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये घातले. हरवलेल्या लॅपटॉपची वार्ता कर्मचाऱ्याने भीतीपोटी दोन दिवस दडवली, तर हे बंधन कागदावरच राहते. अमेरिकेतील एक प्रकरण या भीतीचे कारण दाखवते. ‘बीपी’ कंपनीतील एका महिला अधिकाऱ्याचे घरून चाललेले कामाचे संभाषण ऐकून तिच्या पतीने शेअर खरेदी केले आणि १७ लाख डॉलरहून अधिक नफा मिळवला. पतीने कबुली दिल्यावर तिने स्वतः वरिष्ठांना कळवले. तिने माहिती जाणूनबुजून दिल्याचा पुरावा मिळाला नाही, तरीही तिची नोकरी गेली. अमेरिकी रोखे आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पतीविरुद्ध कारवाई केली.

अशा निर्णयातून इतर कर्मचारी एकच धडा घेतात : गप्प राहणे. हेतुपुरस्सर केलेली फितुरी आणि प्रामाणिकपणे कळवलेली चूक यांत फरक करणारे लेखी धोरण प्रत्येक संस्थेकडे असणे म्हणूनच आवश्यक आहे. फाटकावरचा जवान प्रत्येक कर्मचाऱ्यासोबत रेल्वेत बसू शकत नाही. तेथे पहारा कर्मचाऱ्यालाच द्यावा लागतो, आणि चूक निर्भयपणे सांगता आली तरच तो पहारा टिकतो.