आधी दहा, मग हजार

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शिरला. ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. इलाज तयार होता, अनेक संगणकांवर तो लावलाच गेला नव्हता.

म्हणून एकट्या आयटीवाल्याने पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलांवर फिरायचे दिवस संपायला हवेत. अपडेट, बॅकअप, डिस्कची साफसफाई रात्री आपोआप व्हावी. ‘नंतर आठवण करा’ म्हणणाऱ्या साहेबांच्या भरवशावर तर मुळीच राहू नये.

पण आपोआप म्हणजे एकदम सगळीकडे नव्हे! १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कंपनीने दीड तासाच्या आत चूक मागे घेतली, पण जे यंत्र सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाने समोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याआधी ते उघडणारे ४८ आकडे बिनचूक टाइप करायचे.

तेव्हा नवा अपडेट आधी वेगवेगळ्या विभागांतल्या दहा संगणकांवर चालवावा, मग पुढे. पगाराच्या आदल्या दिवशी हिशेब विभागाला हातच लावू नये. आणि ते ४८ आकडे छापून कपाटात ठेवावेत. सर्व्हरवर ठेवले तर तोही बहुधा विंडोजवरच चालत असतो.