आधी पाण्याची खूण, मग गॅलरी

महाडात फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक हल्ली चप्पल काढायच्या आधीच विचारतं, "एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?" किचनचा ओटा, गॅलरी, पूर्वेचं दार हे सगळं त्यानंतर. विकणारा म्हणतो, इथे कधीच आलं नाही. मग गिऱ्हाईक खाली उतरतं आणि समोरच्या किराणावाल्याला तेच परत विचारतं. घर घेताना यापेक्षा शहाणा प्रश्न या गावात दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ते पाणी सावित्री नदीतून खाली येतं. काळ आणि गांधारी या नद्यांचं पाणीही महाडच्या आसपासच तिला मिळतं, आणि बाणकोटच्या खाडीला भरती असली की सगळं तुंबतं. त्या रात्री बाजारपेठेतले तळमजले बुडाले. वीज गेली, फोन बंद पडले, आणि शेजारच्या गल्लीत काय चाललंय हेही कळेना.

पूर्वी तळमजल्याला मान होता. म्हाताऱ्या माणसांना जिना नको, पुढे एखादं दुकान काढता येतं, दारात चार कुंड्या ठेवता येतात. आता तोच शेवटपर्यंत शिल्लक राहतो आणि पहिला-दुसरा मजला आधी विकला जातो. बाकीचे प्रश्नही बदललेत. मीटरचा बोर्ड किती उंचीवर आहे? पंप कुठे बसवलाय? पाण्याची टाकी जमिनीखाली एकच आहे की गच्चीवरही आहे? जमिनीखालच्या टाकीत एकदा चिखल शिरला की सगळं गाव पाण्यात असतं आणि प्यायला घोटभर मिळत नाही, हे ज्यानं सोसलंय तो टाकी बघितल्याशिवाय इसार देत नाही. एका ताईंनी तर गच्चीची किल्ली कुणाकडे असते, असं विचारलं. बिल्डर गोंधळला. मला तो प्रश्न फार आवडला. पाणी चढत असताना कुलूपबंद गच्ची असण्यासारखं भयंकर काही नाही.

या मागण्या नव्या वाटतात, पण जुन्या महाडकरांना त्या ठाऊक होत्या. पेठेतल्या जुन्या घरांना उंच जोतं आणि वर माळा असे. पुराचा भोंगा झाला की खालचा माल माळ्यावर जायचा. नव्या इमारतींनी जोतं खाली आणलं आणि माळ्याच्या जागी दोन सुटकेसपुरता लॉफ्ट दिला. स्टिल्ट पार्किंग हा त्यावर चांगला उतारा आहे, फक्त ते मोकळं राहायला हवं. पुढे तिथे गाळे निघतात, रखवालदाराची खोली होते, आणि पाण्याला वाट द्यायला सोडलेली जागा भिंतींनी बंद होते. घेणाऱ्यांनी हे चालवून घेऊ नये.

सांगलीत आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे फूट शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतात. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी शिरतं, ते माणसं सांगतात. महाडला सावित्रीची धोका पातळी 6.50 मीटर जाहीर होते, पण त्या आकड्याला अमुक आळीत पाणी किती, हे नव्या माणसाला कोण सांगणार? नगरपालिकेनं चौकाचौकात 2005 आणि 2021 च्या पुराच्या पाण्याची खूण रंगवावी. आणि खरेदीच्या करारात त्या इमारतीपुरती पूरपातळी लिहिलेली असावी.

पाण्याबद्दल एवढं खोदून विचारणारी माणसं बांधकामाबद्दल मात्र गप्प राहतात, हे मला खुपतं. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा जण गेले. ती बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर तरी भोगवटा प्रमाणपत्र आणि आरसीसी डिझाइन करणाऱ्या अभियंत्याचं नाव हे प्रत्येकानं मागायला हवं होतं. अजूनही टाइल्सच्या कंपनीचं नाव आधी विचारलं जातं. रेरा कायद्याखाली ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. पण 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि छोट्या गावांतल्या कितीतरी इमारती त्यातच बसतात. तिथे कागद घेणाऱ्यानंच तपासायचे.

पोलादपूर तालुक्यात गोष्ट वेगळी. तिथे फ्लॅटपेक्षा चाकरमान्याचं गावचं घर मोठं. कौलं उतरवून स्लॅब पडतो, चार पावसाळ्यांत तो ठिबकायला लागतो आणि मग त्यावर पत्र्याची शेड चढते. एवढा पाऊस असलेल्या मुलखात उतरतं छप्पर पहिल्यापासूनच ठेवावं, खर्चही वाचतो. खरी काळजी गाडी दारापर्यंत हवी या हौसेची आहे. त्यासाठी जेसीबी लावून डोंगराचा पाय कापतात. आंबेनळी घाटाच्या बाजूला मुंबई-पुण्याची माणसं उतारावरचे प्लॉट बघतात, कारण तिथून दरी दिसते. याच तालुक्यात 2005 ला कोंढवी आणि कोतवाल इथे दरडी आल्या आणि 2021 ला केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. पलीकडे महाड तालुक्यातल्या तळियेत 22 जुलै 2021 रोजी 80 हून अधिक जण गाडले गेले.

म्हणून उतारावरचा प्लॉट मे महिन्यात बघून पैसे देऊ नका. जुलैत या, छत्री घेऊन चढा. पाणी कुठून फुटतं, ते गढूळ आहे का, वरच्या बाजूला जमिनीला भेग आहे का, झाडं कलली आहेत का, ते बघा. वाडीतल्या जुन्या माणसांना घेऊन फिरा, आणि भूवैज्ञानिकाचा अहवाल मागा. विकणारा तो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.